फिट, सायकल आणि टेकडी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता, की प्रत्येकानं आपल्या छंदाबद्दल थोडंसं बोलायचं. माझा छंद म्हणजे टेकड्यांवरच्या पायवाटांनी सायकल चालवणं. पुण्यात राहणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या सॉफ्टवेअरवालीनं सायकल चालवावी, यात नवल काहीच नाही. पण त्याबद्दल खरं बोलायचं तर आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. शाळेत ती तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. मला अपस्मार आहे, म्हणजे फिट येतात. आठवीपासून.

आता काही जणींना उलगडा होईल. खो-खोच्या संघातून माझं नाव एकाएकी का निघालं, सहलीला मी का आले नाही, माहुलीला नदीवर तुम्ही पोहायला गेलात की मी काठावर चपला सांभाळत का बसायचे. पी.टी.च्या सरांनाही घरून 'अशक्तपणा' एवढंच कळवलं होतं.

आई आज समोरच बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे बोलते आहे. तिला भीती होती माझ्या लग्नाची. ती भीती उगाच नव्हती. हिंदू विवाह कायद्यात लग्नासाठी जो अपात्र ठरायचा, त्या यादीत त्या वेळी वेडाच्या जोडीनं अपस्माराचाही उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द कायद्यातून गेला. लोकांच्या मनातून जायला अजून वेळ लागतो आहे.

इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी लागली. मैत्रिणींनी स्कूटी घेतल्या. वाहन परवान्याच्या अर्जासोबत प्रकृतीबद्दल जे लिहून द्यावं लागतं, त्यात फिट येतात का, असा सरळ प्रश्न असतो. उत्तर 'हो' असेल तर परवाना मिळत नाही. मग बस, रिक्षा, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून जाणं. दर वेळी कुणाला तरी विचारायचं याचा कंटाळा यायचा.

छत्तिसाव्या वर्षी सायकल आली. आधी डॉक्टरांना विचारलं. औषध नियमित चालू होतं, दोन वर्षं फिट आली नव्हती. ते म्हणाले, "चालवा, पण माझ्या अटींवर." अपस्मार आणि खेळ यांवर जगभरातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं खेळांचे तीन गट केले आहेत. सायकलिंग मधल्या गटात येतं, म्हणजे स्वतःला काहीसा धोका आहे, पण फिट आटोक्यात असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं करता येतं.

त्याच सुमारास मारियॉन क्लिन्ये या सायकलपटूबद्दल वाचलं. बावीस वर्षांची असताना तिला अपस्माराचं निदान झालं, गाडीचा परवाना गेला, म्हणून ती कामावर सायकलनं जाऊ लागली. पुढे तिनं फ्रान्ससाठी १९९६ च्या अटलांटा आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकं मिळवली. मला पदक नको होतं. परवाना गेलेली बाई सायकलवर बसते, एवढंच मला पुरेसं होतं.

माझी आवडती जागा वेताळ टेकडी. पहाटे मोर ओरडत असतात, जुन्या खाणीत पाणी साठलेलं असतं, पावसानंतर मुरूम दबून घट्ट झालेला असतो. उतारावर सीट खाली करायची, वजन मागे न्यायचं, दोन्ही पेडल एका पातळीत आणि बोटं ब्रेकवर. पुढचा ब्रेक हलक्या हातानं, नाहीतर हँडलवरून थेट मातीत. आणि नजर दगडाकडे ठेवायची नाही, जिथून जायचं त्या वाटेकडे ठेवायची. दगडाकडे बघत राहिलं की सायकल नेमकी दगडावरच जाते. त्या दहा मिनिटांत डोक्यात ऑफिस नसतं, गोळ्या नसतात, काही नसतं.

अटी मात्र पक्क्या आहेत. औषधाची वेळ चुकवायची नाही. झोप अपुरी झाली तर सायकल बाहेर काढायची नाही, कारण जागरण हे फिट यायचं मोठं निमित्त असतं. आमच्या धंद्यात रात्री-अपरात्री फोन येतात. तो आला की सकाळची टेकडी रद्द. ताप असेल तर घरी. हेल्मेट नेहमी. दरीच्या कडेची वाट नाही, वाहतुकीचा रस्ता नाही. आणि एकटीनं कधीच नाही.

या शेवटच्या अटीनं माझं आयुष्य बदललं. सोबत हवी म्हटल्यावर सोबत्याला सांगणं आलं. नुसतं "मला बरं नसतं" म्हणून भागत नाही. काय होतं आणि तेव्हा काय करायचं, हे नीट समजावून द्यावं लागतं. आईखेरीज ज्यांना मी हे सगळं सांगितलं, ती पहिली माणसं म्हणजे सायकलवरच्या माझ्या दोन मैत्रिणी.

चार वर्षांपूर्वी त्याचा उपयोग झाला. पोटातून काहीतरी वर चढतंय असं मला आधी जाणवतं. तसं झालं, मी सायकलवरून उतरून खाली बसले. पुढचं त्यांच्याकडून कळलं. फिरायला आलेले एक आजोबा धावत आले, चप्पल नाकाशी धरायला. एकीनं त्यांना नम्रपणे थांबवलं आणि घड्याळ लावलं, दुसरीनं मला कुशीवर वळवलं. दोन मिनिटांत फिट थांबली. नंतर डॉक्टरांनी औषध बदललं, सहा महिने सायकल बंद ठेवली. मग पुन्हा सुरू.

तुम्हालाही हे सांगून ठेवते. फिट आलेल्या माणसाला दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल नको. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. आणि तो माणूस नीट भानावर येईपर्यंत जवळ थांबा.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. वेळेवर निदान आणि नीट उपचार मिळाले, तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या शाळेच्या आजच्या पटावरही असं एखादं मूल असेलच. सर, बाई, तुम्हाला विनंती एवढीच, की त्याला काठावर चपला सांभाळायला बसवू नका. डॉक्टरांना विचारा, वर्गातल्या दोघांना काय करायचं ते शिकवा, आणि त्याला खो-खो खेळू द्या.

आज रात्रभर गप्पांचा बेत आहे असं कळलं. मी दहा वाजता झोपणार आहे. का, ते आता तुम्हाला सांगायला नको. उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापासून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ. ज्यांना यायचं त्यांनी सायकल आणि हेल्मेट आपापलं आणावं. सोबत तर लागेलच.