रीजंटला काढायचं कोणी आणि कशासाठी?



12 मे 2014 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्याची राजधानी ऑस्टिन इथे विधिमंडळाच्या एका समितीने 7 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं, की वॉलेस हॉल यांच्यावर महाभियोग चालवण्याइतपत आधार आहे. हॉल गव्हर्नर नव्हते, न्यायाधीशही नव्हते. ते डॅलसचे एक उद्योजक. टेक्सास विद्यापीठ समूहाचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या नियामक मंडळावर 2011 मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. तिथे या सदस्याला रीजंट म्हणतात आणि या पदाला पगार नसतो. टेक्सासमध्ये तोवर महाभियोगाने दोषी ठरलेले अधिकारी दोनच होते: 1917 मध्ये एक गव्हर्नर आणि 1970 च्या दशकात एक जिल्हा न्यायाधीश. बिनपगारी सदस्याला घालवण्यासाठी विधिमंडळाला एवढं मोठं शस्त्र उपसावं लागलं, कारण त्याला घालवण्याची सोपी वाट कायद्याने मुद्दामच ठेवलेली नव्हती.

आजच्या भाषणाचा विषय ही वाट आहे. विद्यापीठाच्या मंडळावरचा सदस्य नकोसा होतो तेव्हा त्याला कोण काढू शकतं, कोणत्या कारणासाठी, आणि काढणाऱ्याचेच हितसंबंध त्यात गुंतलेले असतील तर काय करायचं?

हॉल नकोसे का झाले, ते आधी पाहू. विद्यापीठाच्या लॉ स्कूलशी जोडलेलं एक प्रतिष्ठान तिथल्या काही प्राध्यापकांना पुढे माफ होतील अशी कर्जं देत असे. खुद्द अधिष्ठात्यांना मिळालेली रक्कम होती 5 लाख डॉलर. हे प्रकरण उघडकीला आल्यावर डिसेंबर 2011 मध्ये त्या अधिष्ठात्यांना पद सोडावं लागलं. हॉल यांचं समाधान त्यावर झालं नाही. ते कागद मागवत राहिले. तेवढ्यात प्रवेशाचा प्रश्न पुढे आला: आमदारांच्या आणि वजनदार मंडळींच्या शिफारशींवर विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो का? इथून संघर्ष पेटला, कारण आता ज्यांच्याबद्दल विचारणा चालली होती त्यांत विधिमंडळातलेच लोक होते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगायला हवी. ऑस्टिनच्या विद्यापीठाचे अध्यक्ष बिल पॉवर्स हे प्राध्यापकांना आणि माजी विद्यार्थ्यांना जवळचे वाटणारे गृहस्थ होते. गव्हर्नर रिक पेरी यांच्या वर्तुळातून त्या काळात उच्चशिक्षणाच्या 'सुधारणे'चा एक कार्यक्रम पुढे रेटला जात होता. प्राध्यापक किती विद्यार्थ्यांना शिकवतो, किती पैसा आणतो, याचे तक्ते मांडून त्याची किंमत ठरवण्याकडे त्याचा कल होता. पॉवर्स यांनी त्याला विरोध केला. हॉल पेरींनीच नेमलेले होते. त्यामुळे अनेक प्राध्यापकांना हॉल यांची चौकशी म्हणजे पॉवर्सना हटवण्याचा डाव वाटला. आज या सभागृहात बसलेल्या बहुतेकांची सहानुभूतीही पॉवर्स यांच्याकडेच वळेल आणि ते स्वाभाविक आहे.

हॉल यांच्यावरचे आरोप असे: त्यांनी विद्यापीठाकडे कागदपत्रांचे डोंगर मागितले (8 लाख पानं हा आकडा त्या काळी गाजला, हॉल यांनी तो नाकारला), नेमणुकीच्या अर्जात स्वतःवरच्या काही दाव्यांची माहिती दिली नाही, आणि विद्यार्थ्यांची खासगी माहिती असलेले कागद आपल्या वकिलाला दाखवले. यातला शेवटचा आरोप सर्वांत गंभीर. विद्यार्थ्याची नोंद ही मंडळाच्या सदस्याची मालमत्ता नसते. त्यासाठी हॉल यांना जाब विचारणं योग्यच होतं. पण कागद जास्त मागितले हा मंडळाच्या सदस्याचा अपराध कसा होतो? ज्याच्या सहीने अब्जावधी डॉलरचा कारभार चालतो त्याने कागद वाचले नाहीत, तर दोष द्यायचा की वाचले तर?

पुढे काय घडलं ते या वादातलं सगळ्यांत बोलकं आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी हॉलना राजीनाम्याचा विचार करायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. ऑगस्ट 2014 मध्ये समितीने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला, पण महाभियोगाचा ठराव पूर्ण सभागृहापुढे कधी आलाच नाही. पॉवर्स यांनी 2014 च्या उन्हाळ्यात पुढच्या जूनमध्ये पद सोडण्याचं मान्य केलं. फेब्रुवारी 2015 मध्ये क्रोल या चौकशी संस्थेचा अहवाल आला. 2009 ते 2014 या काळात प्रवेश कार्यालयाची हरकत असतानाही अध्यक्षांच्या कार्यालयामुळे काही विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाल्याचं त्यात नोंदवलं होतं. आपण जे केलं ते विद्यापीठाच्या हितासाठीच, अशी पॉवर्स यांची भूमिका होती. त्याच वर्षी ग्रँड ज्युरीने हॉल यांच्यावर गुन्हा दाखल करायला नकार दिला, पण त्यांना पदावरून दूर करावं अशी शिफारस मात्र केली. म्हणजे एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी खऱ्या ठरल्या: त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि त्याची वागण्याची रीत अनेकदा चुकली.

या घडामोडींच्या 97 वर्षं आधी याच शहरात याच मंडळावरून दुसरा झगडा झाला होता. तो आठवल्याशिवाय 2014 चा अर्थ लागत नाही.

टेक्सासच्या मतदारांनी 1912 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली. विद्यापीठांच्या मंडळांवरच्या सदस्यांची मुदत सहा वर्षांची झाली आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य बदलू लागले. गव्हर्नरची मुदत तेव्हा दोन वर्षांची होती. नव्या गव्हर्नरने आल्या आल्या सगळं मंडळ आपल्या माणसांनी भरू नये, हा त्यामागचा हेतू. तीनच वर्षांत जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर झाले आणि या तरतुदीची परीक्षा सुरू झाली. फर्ग्युसन बँकवाले आणि शेतकऱ्यांचे लाडके पुढारी होते. काही प्राध्यापकांना काढून टाका, असं त्यांनी मंडळाला फर्मावलं. त्या यादीत काउबॉयांची गाणी गोळा करणारे जॉन लोमॅक्सही होते. कारण विचारलं तर ते सांगायची आपल्याला गरज नाही, असा फर्ग्युसन यांचा पवित्रा होता.

मंडळ बधेना, तेव्हा त्यांनी सदस्यांनाच हात घातला. टायलर गावचे रब्बी मॉरिस फेबर यांना फर्ग्युसन यांनी स्वतःच नेमलं होतं. 1916 मध्ये त्यांना पत्र गेलं: माझ्या बाजूने उभे राहा, नाहीतर राजीनामा द्या. फेबर यांनी मान तुकवली नाही. नेमणूक करणाऱ्याचं ऋण मतदानाने फेडायचं नसतं, हे त्यांना पक्कं समजलेलं होतं. पुढे ते मंडळातून बाहेर पडले, पण त्यांच्या त्या नकाराने वादाची दिशा ठरली. एका धर्मगुरूने, ज्याचा विद्यापीठाच्या राजकारणाशी काही संबंध नव्हता, अशा क्षणी ताठ उभं राहावं, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

28 मे 1917 ला फर्ग्युसन विधानभवनात मंडळाच्या सदस्यांबरोबर बसलेले असताना विद्यार्थ्यांचा मोर्चा तिथे पोचला. काही दिवसांतच फर्ग्युसन यांनी विद्यापीठाच्या जवळजवळ संपूर्ण अनुदानावर नकाराधिकार वापरला. मंडळावरचे जुने श्रीमंत सदस्य जॉर्ज लिटलफील्ड यांनी खर्च आपण उचलू असं सांगितलं. त्या उन्हाळ्यात प्रतिनिधिगृहाने गव्हर्नरांवर 21 आरोप ठेवले, सिनेटने त्यांतले 10 मान्य केले. निकालाच्या आदल्या दिवशी फर्ग्युसन यांनी राजीनामा दिला, पण पुन्हा पद भूषवण्याची बंदी टळली नाही. 1924 मध्ये त्यांच्या पत्नी मिरियम गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, हा त्या कहाणीचा आणखी एक भाग.

मुद्दा असा, की 1917 मध्ये ज्या संरक्षणाने विद्यापीठ वाचलं, 2014 मध्ये त्याच संरक्षणाने हॉल यांची खुर्ची टिकली. पहिल्या वेळी ते आपल्याला आवडतं, दुसऱ्या वेळी खुपतं. पण ते माणूस पाहून देता येत नाही. फेबर यांना ते द्यायचं असेल तर हॉल यांनाही द्यावं लागतं.

याचा अर्थ मुदतीचं संरक्षण मिळालेलं मंडळ नेहमीच विद्यापीठाच्या भल्याचं वागतं, असा मात्र नाही. टेक्सासच्याच मंडळाने 1942 मध्ये अर्थशास्त्राच्या अध्यापकांना काढलं, जॉन डॉस पॅसॉस यांची कादंबरी अभ्यासक्रमातून वगळायला लावली, आणि 1 नोव्हेंबर 1944 ला अध्यक्ष होमर रेनी यांनाच पदावरून दूर केलं. त्या मंडळातल्या कुणाला काढण्याचा सोपा मार्ग कुणापाशी नव्हता. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने 1946 मध्ये विद्यापीठाच्या प्रशासनाचा निषेध नोंदवला, इतकाच उपाय उरला. म्हणून 'कुणालाच कधीच काढू नका' हेही उत्तर नाही. टेक्सासने 1980 मध्ये आणखी एक दुरुस्ती केली: गव्हर्नर स्वतः नेमलेल्या अधिकाऱ्याला काढू शकतो, पण सिनेटच्या दोनतृतीयांश मतांनी. हॉल यांच्या बाबतीत ती लागू पडली नाही. पेरी यांना त्यांना काढायचंच नव्हतं, आणि 2015 मध्ये आलेल्या गव्हर्नरांनी त्यांना नेमलेलं नव्हतं. हॉल आपली मुदत संपेपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत राहिले. क्रोलच्या चौकशीतले विद्यार्थ्यांची नावं असलेले कागद मिळावेत म्हणून त्यांनी कुलगुरूपदाच्या वरचे अधिकारी, चान्सलर विल्यम मॅकरेव्हन यांच्यावर दावा लावला होता. जानेवारी 2017 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांच्या विरुद्ध निकालात काढला.

अलीकडची उदाहरणं या वादाला आणखी धारदार करतात. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळावर 2022 मध्ये बर्ट एलिस यांना नेमणाऱ्या गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी मार्च 2025 मध्ये त्यांना स्वतःच काढलं. इंडियानाचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे. तिथल्या विद्यापीठाच्या नऊ विश्वस्तांपैकी तिघांना माजी विद्यार्थी मतदानाने निवडत. ही प्रथा 1891 पासूनची. 2025 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पी विधेयकात शेवटच्या टप्प्यावर तरतूद घुसवली गेली आणि नऊच्या नऊ नेमणुका गव्हर्नरकडे गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गव्हर्नर माइक ब्रॉन यांनी तिन्ही निवडून आलेल्या विश्वस्तांना दूर केलं. ना आरोपपत्र, ना सुनावणी. टेक्सासमध्ये हॉल यांच्याविरुद्ध निदान समिती बसली, साक्षी झाल्या, मतं मोजली गेली. इंडियानात 134 वर्षांचा हक्क एका अर्थसंकल्पाबरोबर गेला.

माजी विद्यार्थ्यांनी निवडलेला सदस्य म्हणजे काय, हे मुंबईला चांगलं ठाऊक आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत. त्यांची निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये ऐन वेळी थांबवली गेली. 2024 मध्ये 22 सप्टेंबरची तारीख ठरली, ती दोन दिवस आधी पुन्हा स्थगित झाली. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर 24 सप्टेंबरला मतदान झालं आणि दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. कोण जिंकलं याच्याशी या भाषणाला कर्तव्य नाही. वर्षाहून अधिक काळ त्या जागा रिकाम्या राहिल्या, याच्याशी आहे. निवडणूकच न घेणं हा सदस्याला काढण्याचा सर्वांत शांत प्रकार आहे. त्यात सदस्य कोण असणार होता, हेही कळत नाही.

आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा कुलगुरू कोण नेमणार, इथेच थांबते. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंत्र्यांना प्र-कुलपती करणारं विधेयक मंजूर केलं, सरकार बदलल्यावर ते मागे घेतलं गेलं. दोन्ही वेळा वाद वरच्या खुर्च्यांचा होता. परिषदेवरच्या, अधिसभेवरच्या साध्या सदस्याने एखाद्या खरेदीचे, एखाद्या प्रवेशाचे कागद मागितले तर त्याला कोण वाचवतं, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

या अधिवेशनाच्या उद्याच्या सत्रात ठराव येणार आहे. त्यात काही गोष्टी नेमक्या शब्दांत याव्यात, असा अध्यक्षपदावरून आग्रह आहे. मंडळावरच्या सदस्याविरुद्धचा आरोप लेखी असावा आणि तो आचरणाबद्दल असावा, मताबद्दल नाही. ज्यांच्याविषयी सदस्य विचारणा करत होता, त्यांनी त्याच्या चौकशीत बसू नये. सुनावणी खुली असावी, विद्यार्थ्यांची नावं मात्र झाकलेली असावीत. आणि निवडून येणाऱ्या जागेची मुदत संपण्याआधीच तिच्या निवडणुकीची तारीख जाहीर करणं विद्यापीठाला बंधनकारक असावं, सरकारी पत्र आलं तरी. ठरावाचा मसुदा करणाऱ्या समितीने आज रात्री हे मुद्दे कायद्याच्या भाषेत बसवून सकाळी सभेपुढे ठेवावेत.