मेंदूज्वर: सकाळची वाट पाहू नका

आज आपण घरातल्या 13 ते 19 वर्षांच्या मुलामुलींविषयी बोलणार आहोत. तान्ह्या बाळाला ताप आला तर आपण रात्रभर जागतो. पण दहावीतला पोरगा ‘डोकं दुखतंय’ म्हणाला की आपण म्हणतो, उन्हात खेळला असेल, मोबाईल बघत बसला असेल. मुलगी म्हणाली तर पाळी जवळ आली असेल. ‘झोप जरा, सकाळी बरं वाटेल.’ बहुतेक वेळा सकाळी बरं वाटतंही. पण एका आजारात ही एक रात्रच फार महागात पडते. तो आजार म्हणजे मेंदूज्वर. डॉक्टर त्याला मेनिन्जायटिस म्हणतात.

आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती पातळ आवरण असतं. त्या आवरणाला जंतूंमुळे सूज येते, तो हा आजार. डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराचं नाव आपण ऐकलेलं असतं. तो वेगळा, त्यात खुद्द मेंदूला सूज येते. पण दोन्हींत आपण करायची धावपळ एकच.

मेनिन्जायटिसचे मुख्य तीन प्रकार लक्षात ठेवू. विषाणूंमुळे होणारा बऱ्याचदा सौम्य असतो. जिवाणूंमुळे होणारा सर्वांत घाईचा. त्यात काही तासांत मूल हातचं जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हा जिवाणूंचा मेंदूज्वर झालेल्या दर सहा जणांतला साधारण एक जण दगावतो आणि वाचलेल्या पाचांतल्या एकाला मोठं अपंगत्व येतं. तिसरा प्रकार टीबीचा. तो हळूहळू येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, रोज डोकं दुखणं, भूक नाही, वजन उतरतंय, स्वभाव चिडचिडा झालाय. घरात कुणाला टीबी असेल किंवा होऊन गेला असेल, तर अशा मुलाला लगेच दाखवा.

तरुण मुलांना धोका का? यातले काही जिवाणू नाकात-घशात राहतात आणि खोकला, शिंक, थुंकी यांतून जवळच्या माणसाकडे जातात. वसतिगृहात, आश्रमशाळेत, भाड्याच्या खोलीत मुलं दाटीवाटीने राहतात, एका बाटलीने पाणी पितात. दिल्लीत 2005 साली अशी साथ आली होती, तेव्हा तरुण मुलंही बरीच आजारी पडली होती.

आता ओळखायचं कसं? ताप आणि डोकेदुखी तर फ्लू, मलेरिया, डेंग्यू सगळ्यांतच असते. त्याच्या जोडीला आणखी काय आहे ते बघा. डोकं असह्य दुखतंय, उलट्या होताहेत, उजेड सहन होत नाही, मान ताठ झालीय. हनुवटी छातीला लावायला सांगा. मान वाकत नसेल किंवा फार दुखत असेल, तर ती धोक्याची खूण. मूल गुंगीत आहे, हाक मारल्यावर नीट ओ देत नाही, काहीबाही बोलतंय, झटका आला, तर एक क्षणही थांबायचं नाही. अंगात ताप असून हातपाय गार पडणं, पाय फार दुखणं, हेही लक्षात घ्या.

कधी अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात. काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून बघा. दाबल्यावरही ठिपके मावळले नाहीत, तर तो मोठा धोका. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि टाळू बघा. पण ठिपक्यांची वाट बघत बसू नका, ते सगळ्यांना उठत नाहीत. सगळी लक्षणं एकदम दिसतात असंही नाही. गोळीने ताप उतरला म्हणजे धोका टळला, असंही नाही.

अशा वेळी 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. बाहेरची बाधा, नजर, अंगारा यांत वेळ घालवू नका. झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा. गुंगीत असेल तर तोंडाने पाणीही देऊ नका. मेडिकलमधून आणलेल्या दोन-चार गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, उलट तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. काही दिलं असेल तर त्याचं पाकीट सोबत न्या. ताप कधी आला, झटका आला का, घरात टीबी आहे का, हे डॉक्टरांना सांगा. आणि न घाबरता विचारा, ‘डॉक्टर, हा मेंदूज्वर तर नाही ना?’

डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायचं म्हणतात, तेव्हा बरेच नातेवाईक नाही म्हणतात. पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो, अशी भीती असते. मैत्रिणींनो, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, कमरेत ती सुई घालतात. एक-दोन दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. पण कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध द्यायचं, हे त्या पाण्यावरूनच नीट कळतं. शंका असेल ती विचारा, पण तपासणी अडवू नका.

काही जंतूंवर लसी आहेत. सरकारी लसीकरणातली बीसीजी, पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल लस मेंदूज्वराच्या काही प्रकारांपासून वाचवते, म्हणून लहान भावंडांचे डोस चुकवू नका. मेनिन्गोकोकल लस मात्र नेहमीच्या सरकारी यादीत नाही. हजला जाणाऱ्यांना ती घ्यावी लागते. आपल्या मुलाला हवी का, हे डॉक्टरांना विचारा. मुलाला मेंदूज्वर झालाच, तर घरातल्यांना आणि खोलीतल्या सोबत्यांना प्रतिबंधक गोळ्या लागतात का, तेही विचारा. मूल बरं होऊन घरी आलं की कानांची तपासणी करून घ्या, कारण या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं. टीबीचा मेंदूज्वर असेल तर औषध साधारण वर्षभर चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

शेवटी गटासाठी एक काम. रात्री मूल आजारी पडतं, तेव्हा घरधनी बाहेरगावी असतात, सासूबाई म्हणतात सकाळी बघू, हातात पैसे नसतात. बाई अडते ती इथे. म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. रात्री कुणाची गाडी मिळेल, गटातून तातडीने किती पैसे देता येतील आणि सोबत कोण जाईल. 108, आशाताई आणि गाडीवाला, तिघांचे नंबर भिंतीवर लिहा. रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ते लागतात. मूल वसतिगृहात असेल तर तिथल्या अधीक्षकांनाही ही लक्षणं सांगा. आणि घरात आजच सांगून ठेवा, की ताप, असह्य डोकेदुखी आणि ताठ मान दिसली तर आम्ही कुणाची परवानगी मागत बसणार नाही, निघणार.