कापसाचे चिलखत



मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश शिपाई म्हटला की एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी कड असलेले शिरस्त्राण, अंगभर लखलखते पोलाद आणि खांद्यावर बंदूक. वर्गातल्या फळ्यावर मीही कित्येक वर्षे हेच चित्र काढीत असे. एकदा एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, "सर, एवढ्या उन्हात तो माणूस भाजून निघाला नसेल का हो?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी पुस्तके पुन्हा उघडली.

एर्नान कोर्तेस १५१९ साली क्यूबाहून निघाला. त्याच्या फौजेतला एक शिपाई, बेर्नाल दियास, याने म्हातारपणी त्या मोहिमेची हकिकत लिहून ठेवली. त्याच्या हिशेबाने शिपाई सुमारे ५००, घोडे १६, पोलादी कमानीचे आडवे धनुष्य चालवणारे ३२ आणि बंदूकवाले किती? अवघे १३! बंदुकाही जुन्या घाटाच्या. एक बार काढला की पुन्हा ठासायला वेळ लागे, आणि पावसात दारू भिजली की बंदुकीची नुसती काठी होई.

मग बाकीच्यांचा भरवसा कशावर? ढालीवर, भाल्यावर आणि सरळ, दुधारी तलवारीवर. युरोपातून आलेल्या अशाच सरळ पात्याला पुढे आपल्याकडे 'फिरंग' म्हणू लागले.

आता चिलखताचे पाहा. पुरे पोलादी चिलखत फार महाग. ते थोड्यांनाच परवडे. तुऱ्याचे ते शिरस्त्राण तर पुढच्या काळातले, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झालेले. दियास सांगतो, की निघण्यापूर्वी हवानाच्या परिसरात कापूस मुबलक मिळाला, म्हणून शिपायांनी कापूस भरून, दाट टाके घालून अंगरखे शिवून घेतले. आपली गोधडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. मेक्सिकोतले योद्धेही असाच कापसाचा अंगरखा घालीत. त्याला ते 'इचकावीपिल्ली' म्हणत. बाण त्या कापसात अडकून राही, आणि अंगाला लोखंडापेक्षा तो हलका पडे.

तेव्हा शस्त्रांचा उपयोग झाला नाही, असे मी म्हणत नाही. पोलादी तलवार आणि घोडा यांनी मैदानात दहशत बसवली, हे खरेच. पण १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोचतित्लान ही अझ्टेकांची राजधानी पडली, तेव्हा स्पॅनिशांच्या बाजूला त्लाश्काला आणि इतर गावांचे हजारो योद्धे लढत होते. अझ्टेकांच्या खंडणीला ते कंटाळले होते, नाहीतर कधीच वाकले नव्हते. शिवाय १५२० मध्ये देवीच्या साथीने त्या शहरातली माणसे पटापट दगावली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी हा धडा शिकवाल तेव्हा फळ्यावरच्या शिपायाच्या अंगात कापसाचा अंगरखा घाला. आणि त्याच्या मागे त्या हजारो त्लाश्कालकरांनाही उभे करा. नाहीतर मूठभर पोलादी माणसांनी एक मोठे राज्य जिंकले, एवढेच मुलांच्या लक्षात राहील, आणि तो इतिहास अर्धाच असेल.