मी भट्टीवर शाळा काढीन
(1989 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षं बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. तिथं माल मोजायचा आणि लिहायचा, एवढंच काम. गेल्या वर्षी तो कारखाना बंद पडला.

पावसाळ्याआधी रानशेतच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत नववीची मराठीची वही सापडली. निबंध होता, 'मी कोण होणार?' दहापैकी सहा गुण आणि शेरा, 'अक्षर सुधारा'. सर समोर बसलेत. सर, अक्षर अजून तसंच आहे.

मी लिहिलं होतं, मास्तर होणार, पण वीटभट्टीवर. कल्पना काही माझी नव्हती. सरांनी वर्गात कोसबाडच्या कुरणशाळेबद्दल सांगितलं होतं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. मला ते ऐकताना माझी ताई आठवली. दिवाळी झाली की आईबाबा भिवंडीकडे भट्टीवर जायचे. मला आजीजवळ ठेवायचे आणि धाकट्याला सांभाळायला ताईला न्यायचे. चौथीनंतर ती शाळेत आलीच नाही. निबंधात तिचं नाव नाही, पण आहे तो सगळा तिच्यावरच.

डी.एड.चा अर्ज आणून ठेवला होता. पहिला पगार हातात पडला आणि अर्ज तसाच राहिला. मला कुणी अडवलं नव्हतं. आणि मास्तरांची खुर्ची नि सायकल यांचाही त्या स्वप्नात वाटा होता, हेही सांगून टाकतो.

वही ताईला वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "मग इतकी वर्षं कुठं होतास?"

अनुताईंचा जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. मॅट्रिक रात्रशाळेतून, आणि बी.ए. 1961 साली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. मीही आता त्याच वयाचा आहे. स्टोअरकीपरला असले हिशेब सुचतात.

या दिवाळीपासून मनोरकडच्या एका भट्टीवर संध्याकाळी जातो. चौदा मुलं येतात. पाट्या कमी पडल्या, तेव्हा पोरांनी ओल्या विटांवर काडीने अक्षरं काढली. माल खराब होतो म्हणून मुकादम माझ्यावरच ओरडला. त्याचंही खोटं नव्हतं. आता पाट्या आणल्यात.

पण मी काही खरी शाळा नाही. पावसाच्या तोंडावर ही मुलं आपापल्या पाड्यांवर परततील आणि तिथल्या वर्गात मागे पडलेली असतील. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते असलं की जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येतं. माझ्या चौदांपैकी ते फक्त दोघांकडे आहे. आपल्यातले बरेच जण आज जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतात. मुलांची नावं आणि पाडे मी लिहून आणलेत. जेवण झाल्यावर लगेच गाडी काढू नका, दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. यादी माझ्याच अक्षरात आहे, लागलं नाही तर विचारा.