बाहेरगावच्या मुलांची शाळा



मूळपीठ डोंगरावरच्या यमाईच्या पायथ्याशी, खटाव तालुक्यातल्या या गावी, मी आपले मनापासून स्वागत करतो.

औंधचे नाव निघाले की लोक संग्रहालयाविषयी विचारतात. राजा रविवर्म्याची चित्रे, हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्प एवढ्याशा गावात कसे, याचे त्यांना नवल वाटते. ते वाटावेच. पण हे संमेलन शिक्षकांचे आहे, म्हणून मी आज शाळेविषयी बोलणार आहे.

श्रीमंत भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये औंध संस्थानच्या गादीवर आले. संस्थान अवघ्या 72 गावांचे आणि तेही विखुरलेले. औंध इथे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडेच. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. पण गरिबाच्या मुलाची इथे शिकण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय होते, ही बातमी दूरवर पोचली होती. ती ऐकूनच कोकणातला पालगडचा एक मुलगा औंधला आला. पांडुरंग सदाशिव साने. इथे त्याने हाल सोसले, पण शाळा सोडली नाही. पुढे प्लेगची साथ आली तेव्हा त्याला गाव सोडावे लागले. आमच्या गावाला साने गुरुजींचा सहवास थोडाच लाभला, तरी त्याचा आम्हाला फार अभिमान आहे.

माडगूळचे ग. दि. माडगूळकर इथेच शिकले. आटपाडीचे शंकरराव खरातही इथल्याच शाळेत आले. गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबातला हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना 1935 मध्ये इंदूरला मिळाले, गदिमांना 1973 मध्ये यवतमाळला आणि खरातांना 1984 मध्ये जळगावला. राजा आणि त्याच्या संस्थानातल्या शाळेची दोन मुले एकाच मानाच्या खुर्चीवर बसली. आमच्या शाळेविषयी याहून मोठे मी काय सांगू?

वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकरांनी आपले स्वाध्याय मंडळ याच गावात चालवले. संस्कृत घरबसल्या शिकवणारी त्यांची पुस्तके इथून देशभर गेली. सूर्यनमस्कार तर बाळासाहेबांनी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या अंगवळणी पाडले.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती 1939 ची गोष्ट. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीतून, राजाने आपली सत्ता रयतेच्या हाती दिली. कारभार गावच्या पंचायतीपासून वर बांधत नेला. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे गावाला शिकवणे हे राज्यघटनेचेच काम झाले. आज आपण निरक्षराचाही मताचा हक्क मानतो आणि तेच न्याय्य आहे. तरी ज्याच्या हाती राज्य द्यायचे त्याला आधी शिकवण्याची जबाबदारी राज्याने घ्यावी, हा विचार मला आजही थोर वाटतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच सुमाराची. तिथे कैद्यांवरही विश्वास टाकला गेला. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला, आणि तो लिहिला गदिमांनी!

1948 मध्ये संस्थान विलीन झाले. राजधानीचे गाव तालुक्याचेही ठिकाण उरले नाही. शाळा राहिली, महाविद्यालयही झाले. पण पूर्वी बाहेरची मुले औंधला येत. आता औंधची मुले साताऱ्याला, पुण्याला जातात. जाणाऱ्यांना आमचा आशीर्वाद आहे. मला काळजी आहे ती मागे राहणाऱ्यांची. माण-खटावात मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांतली मुले, एसटीची वेळ जमत नाही म्हणून दहावीनंतर घरी बसणाऱ्या मुली, यांना निवारा आणि जेवण देणारे गाव आज कोणते? हा प्रश्न उद्याच्या चर्चासत्रात पहिला घ्यावा आणि मुलींच्या वसतिगृहासाठी या संमेलनाने ठराव करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. जागा आणि धान्य यांचा भार उचलण्याविषयी मी गावकऱ्यांशी बोललो आहे. ते तयार आहेत.

आपली उतरण्याची सोय गावातल्या घरांतच केली आहे. काही उणे राहिले तर हक्काने सांगा. संग्रहालय सवडीने पाहा. डोंगरावर पहाटे जा, उन्हे चढल्यावर पायऱ्या तापतात. स्वागत समितीच्या आणि समस्त औंधकरांच्या वतीने आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.