घास आणि श्वास



पंगतीत वडीलधारी मंडळी ‘जेवताना बोलू नये’ असे सांगत. त्यामागे शरीराची एक सूक्ष्म व्यवस्था आहे. घशात अन्न आणि वायू यांची वाट एकच. पुढे श्वासनलिका व अन्ननलिका वेगळ्या होतात. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, त्यांवरील पडदा झाकणासारखा कलतो आणि श्वास सुमारे अर्धा ते १ सेकंद थांबतो. गिळून होताच बहुधा उच्छ्वासच होतो. त्यामुळे चुकार कण आत ओढला जात नाही. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा हा मेळ राखते.

पक्षाघाताने हा मेळ बिघडतो. वार्धक्यात तो मंदावतो. अन्न फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो; कधी ठसकाही लागत नाही. म्हणून आजाऱ्याला नीट बसवून लहान घास द्यावा. पहिला गिळल्यावाचून दुसरा देऊ नये. खोकला आला वा आवाज घरघरला, तर थांबावे व वैद्यकीय सल्ला घ्यावा. ग्लानीत पडलेल्याच्या मुखात मायेपोटीही पाणी, तीर्थसुद्धा, ओतू नये. ओठ ओले करावेत. घासापूर्वी श्वासाला सवड देणे, हीदेखील सेवाच होय.