शेक, टेन्शन आणि विरार लोकल



पालघर जिल्ह्यात किरणोत्सर्ग म्हटलं की सगळ्यांचं बोट तारापूरकडे जातं. 1969पासून तिथं अणुवीज तयार होते आहे. पण वसई-विरारच्या कितीतरी घरांची किरणांशी खरी गाठ पडते ती परळच्या टाटा हॉस्पिटलात, कर्करोगावरचा ‘शेक’, म्हणजे किरणोपचार घेताना.

सोमवार ते शुक्रवार रोज शेक. मशीनखाली झोपायचं काही मिनिटं, आणि त्यासाठी विरार ते दादर, पुढे परळ, परत विरार असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास. सकाळच्या विरार लोकलचं वर्णन मी तुम्हाला काय सांगू!

प्रवासाइतकाच शेकाचा मार रक्तालाही बसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणारे शिपाई, किरणांपुढे फार नाजूक. गाठीवर शेक देताना तिथून वाहणाऱ्या रक्तातल्या या पेशीही मरतात. ओटीपोटावर शेक असेल तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही झळ पोचते. म्हणून तर डॉक्टर मधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करायला लावतात. त्यात काळजीनं पोखरलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडत राहतात, आणि तेही याच लिम्फोसाइटचा जोर कमी करतं. शिपाई एकच, मार दोन्हीकडून.

सोबत येणारेही काळजीच्या या मारातून सुटत नाहीत. अमेरिकेत ओहायोच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या 13 बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम करून पाहिली. 1995 साली निष्कर्ष छापून आला: ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

पण म्हणून ‘टेन्शन घेतलंस, म्हणून आजार झाला’ असं रुग्णाला सुनावणं चूक आहे, निर्दयही आहे. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणूनही भागत नाही. टेन्शन असतं गाडीचं, रजेचं, पैशाचं. त्यातलं थोडं हलकं करता येतं. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी सर्रास 25 शेक घ्यावे लागत. आता अनेकींना 15 पुरतात. आपलं कसं, ते डॉक्टरांना जरूर विचारा. बाहेरून मशीननं शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. तेव्हा आजीचं ताट वेगळं मांडू नका, नातवाला तिच्या मांडीवरून उचलू नका.

आणि रोजच्या गाडीवाल्यांनो, दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसण्याचा हक्क आहे. आजार वरून दिसत नाही, म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालू नका. जागा द्या.